आईची धडधड, रक्तातलं मॅग्नेशियम आणि बाबांसाठी आलेली बाटली

रानजाई

लिहू की नको असं गेले पंधरा दिवस चाललं होतं, पण आमच्याकडे जे झालं ते आणखी कुणाकडे होत असणार असं वाटलं म्हणून धागा काढतेय. मोठा आहे, सांभाळून घ्या.

आई ७४ ची. बीपी १५ वर्षं. त्याची एक गोळी आणि जोडीला लघवी जास्त होणारी, आम्ही जिला पाण्याची गोळी म्हणतो ती. शिवाय ॲसिडिटीची पँटोप्राझोल रोज सकाळी उपाशीपोटी. ही ६ वर्षांपूर्वी एका तापाच्या वेळी अँटिबायोटिकबरोबर आठ दिवसांसाठी लिहून दिलेली, पण आईला बरं वाटलं आणि मग पट्टी संपली की तीच पट्टी आणायची असं होत होत ६ वर्षं गेली. बंद कर असं कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

दिवाळीनंतर तिला थकवा यायला लागला. रात्री पिंढऱ्यांत गोळे, बोटांना मुंग्या, आणि संध्याकाळी देवाजवळ दिवा लावायच्या वेळेला छातीत धडधड. तिच्या शब्दांत सांगायचं तर "एक ठोका गाळतो आणि मग पुढचा धप्पकन पडतो गं". आम्ही आधी वय झालं, मग नातवाची काळजी, मग कॅफिन असं सगळं म्हणून झालं. ईसीजी काढला तर मधेमधे जादाचे ठोके आणि क्यूटी (ठोक्यानंतर हृदय परत तयार व्हायला लागणारा वेळ) लांबलेला. पोटॅशियम आलं २.९, म्हणजे कमी. पोटॅशियमचं सिरप सुरू केलं, चव इतकी घाण की ती नाक दाबून प्यायची, दहा दिवसांनी परत तपासलं तर ३.०. डोस वाढवला. ३.१. म्हणजे ओततोय आणि खालून गळतंय असा प्रकार.

शेवटी ज्यांच्याकडे गेलो त्या डॉक्टरांनी फाइल चाळली, गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर मांडायला लावल्या आणि पहिलाच प्रश्न केला, मॅग्नेशियम बघितलंय का? एवढ्या सगळ्या रिपोर्टांत ते एकदाही नव्हतं. आलं १.१, आमच्या लॅबची खालची मर्यादा १.७ होती. ॲडमिट करून सलाईनमधून सावकाश मॅग्नेशियम दिलं, आणि जे पोटॅशियम तीन आठवडे हलत नव्हतं ते तिसऱ्या दिवशी ४ च्या वर. पँटोप्राझोल बंद, तिच्याऐवजी दुसऱ्या जातीची फॅमोटिडीन, ती पण लागली तरच. पाण्याची गोळीही बदलली.

आता प्रश्न बाबांचा. ते ७९. बीपी, शुगर २० वर्षं. आईचं ऐकून दादाने अमेरिकेतून येताना मॅग्नेशियमची मोठी बाटली आणली, ४०० मिग्रॅच्या कॅप्सूल, वर हृदयाचं चित्र. बाबा म्हणतात उद्यापासून सुरू करतो, तुझ्या आईला झालं ते मला नको. सुरू करू द्यावी का? जाणकारांनी सांगावं.

देशावरची

बापरे. आई आता कशा आहेत? आमच्याकडे सासूबाईंना पण सेम दोन गोळ्या आहेत, पाण्याची आणि ॲसिडिटीची. वाचून पोटात गोळा आला.

स्टेथो

रानजाई, बाटली उघडू नका अजून. बाबांचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) शेवटचं कधी झालं आणि किती होतं ते आधी सांगा.

तोवर आईंच्या बाबतीत काय झालं ते सांगतो, मी फिजिशियन आहे, रोज अशा वयाचे पेशंट बघतो आणि हे जितकं आढळतं त्यापेक्षा जास्त सुटून जातं याची मला खात्री आहे.

आपण ज्याला इलेक्ट्रोलाइट्स म्हणतो त्या तपासणीत सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड एवढंच येतं. मॅग्नेशियम वेगळं लिहावं लागतं. लिहिलं नाही तर होत नाही. इतकं साधं कारण आहे.

शरीरात एकूण मॅग्नेशियम साधारण २५ ग्रॅम, त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत, बाकीचं स्नायू आणि पेशींत, आणि रक्ताच्या द्रवात १ टक्क्याहूनही कमी. म्हणून रक्तात कमी आलं तर नक्की कमी आहे, पण नॉर्मल आलं म्हणजे साठा भरलेला आहेच असं नाही. आता हृदयाचं. पेशीतून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत करणारा जो पंप आहे तो मॅग्नेशियमशिवाय चालत नाही. शिवाय मूत्रपिंडात पोटॅशियम बाहेर जायच्या वाटेवर मॅग्नेशियम बुचासारखं बसलेलं असतं, ते कमी झालं की बूच निघतं आणि पोटॅशियम लघवीतून जातच राहतं. तुम्ही "खालून गळतंय" म्हणालात ना, अक्षरशः तेच. त्यामुळे मॅग्नेशियम भरल्याशिवाय पोटॅशियम कितीही पाजलं तरी राहत नाही. आणि दोन्ही कमी झाली की ठोका संपून पेशी परत तयार व्हायला वेळ लागतो, म्हणजे क्यूटी लांबतो, मग जादाचे ठोके, आणि फार वाईट वेळ आली तर टोरसाड्स नावाची जीवघेणी लय, जिच्यावर पहिलं औषध म्हणून आम्ही शिरेतून मॅग्नेशियमच देतो. तुमच्या आई वेळेत पोचल्या.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गटाबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (तिथली सरकारी औषध नियामक संस्था) मार्च २०११ मध्ये इशारा दिलेला आहे. बहुतेक केसेस वर्षाहून जास्त घेतलेल्यांच्या. आणि त्यांनी पाहिलेल्या केसेसपैकी सुमारे पाव लोकांत नुसतं मॅग्नेशियम देऊन भागलं नाही, गोळीच बंद करावी लागली. आतड्यातून मॅग्नेशियम शोषलंच जात नाही म्हणून. त्यात पाण्याची गोळी (फ्युरोसेमाइड, क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड) लघवीतून घालवते. वरून येणं कमी, खालून जाणं जास्त. शुगर चढी असेल तर लघवीतून आणखी जातं.

निवांत_७२

मी स्वतः ७२ चा, २०१९ मध्ये स्टेंट बसलाय. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि त्यासोबत पँटोप्राझोल तेव्हापासून चालू आहे. हे वाचून काल रात्री झोप नाही. आजपासून पँटोप्राझोल बंद केली.

स्टेथो

निवांत काका, कृपा करून आजच परत सुरू करा आणि तुमच्या कार्डिओलॉजिस्टला फोन करा. तुमची केस वेगळी आहे. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या असताना पोटातून रक्तस्राव होऊ नये म्हणून ती मुद्दाम दिलेली असते, तुमच्या वयात तर जास्तच गरज. शिवाय इतकी वर्षं घेऊन एकदम सोडली की आम्ल उसळी मारून वर येतं. तुम्ही करायचं ते एवढंच, पुढच्या रक्ततपासणीत मॅग्नेशियम लिहून मागा, आणि दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या अजून दोन्ही लागतात का ते विचारा. अनेकदा ठरावीक काळाने त्यातली एक कमी करतात, पण ते त्यांनी ठरवायचं.

निवांत_७२

डॉक्टर, आत्ताच घेतली. उद्या अपॉइंटमेंट मिळाली आहे. तुम्ही लगेच उत्तर दिलंत, मनापासून आभार.

पट्टीवाला

सोलापुरात ३१ वर्षं मेडिकलचं दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. रानजाई ताईंनी लिहिलंय तसं दर महिन्याला शेकडो लोक रिकामी पट्टी घेऊन येतात, "हीच द्या". त्यातल्या अर्ध्यांना ती कशासाठी सुरू झाली हे आठवत नाही. आम्ही देतो हेही खरंच, मला याचं वाईट वाटतं म्हणून लिहितोय.

बाटल्यांबद्दल सांगतो. वर मोठ्या अक्षरात ४०० लिहिलं तरी ते ४०० कशाचं हे मागे बारीक अक्षरात वाचायचं. मॅग्नेशियम ऑक्साइड असेल तर वजनाच्या ६० टक्के खरं मॅग्नेशियम, पण ते अंगी कमी लागतं आणि पोट साफ करतं. सायट्रेटमध्ये साधारण १६ टक्के, ग्लायसिनेटमध्ये १४ च्या आसपास. काही कंपन्या संयुगाचं वजन लिहितात, काही शुद्ध मॅग्नेशियमचं, त्यामुळे दोन बाटल्यांची तुलना आकडा बघून होत नाही.

दुसरं, थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मॅग्नेशियम आणि तिच्यात ४ तासांचं अंतर ठेवायचं नाहीतर थायरॉइडची गोळी शोषली जात नाही. हाडांची आठवड्याची गोळी आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सीसायक्लिनसारखी अँटिबायोटिक्स यांचंही तसंच, अंतर लागतं. म्हाताऱ्या माणसाच्या सकाळच्या डबीत हे सगळं एकत्रच पडलेलं असतं.

परदेशस्थ_पाखरू

मी त्या दादाच्या जागी आहे, न्यू जर्सीला असते. दर वर्षी येताना बॅगेत आईबाबांसाठी व्हिटॅमिनच्या बाटल्या आणते कारण दुसरं काय आणावं कळत नाही, आपण जवळ नाही त्याची भरपाई असते ती. इथे दुकानात हे औषध म्हणून नाही, खाण्याच्या वस्तूसारखं मिळतं, त्यामुळे डॉक्टरला विचारावं हे डोक्यातच येत नाही. दादाला रागावू नका. पण इथल्या सरकारी शिफारशीतसुद्धा गोळ्यांतून येणाऱ्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा ३५० मिग्रॅ आहे, म्हणजे ती ४०० ची कॅप्सूल शुद्ध मॅग्नेशियमची असेल तर एकच कॅप्सूल मर्यादेच्या वर. जेवणातल्याला ही मर्यादा नाही.

उंबरठा

माझ्या काकांचं सांगते, कारण रानजाईच्या बाबांना २० वर्षं शुगर आहे हे वाचलं आणि राहवेना. काका ८१. किडनी निम्मी कामातून गेलेली, हे माहीत होतं. बद्धकोष्ठाचा त्रास म्हणून रोज रात्री ते पांढरं पातळ औषध प्यायचे, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचं, चमच्याने सुरू केलं मग झाकणाने मग थेट बाटलीला तोंड. हे औषध आहे असं घरात कुणी धरलंच नाही, डॉक्टरांनी गोळ्यांची यादी मागितली तेव्हा त्यात ते नव्हतं. एक दिवस दुपारी जेवून झोपले ते उठेनात, हाक मारली की हूं म्हणायचे आणि परत डोळे मिटायचे, अंग ढिलं, नाडी ४० च्या घरात. सगळ्यांना वाटलं मेंदूचा झटका आला. रक्तात मॅग्नेशियम प्रचंड वाढलेलं निघालं. शिरेतून कॅल्शियम दिलं आणि रातोरात डायलिसिस केलं. वाचले, पण पुढचे तीन महिने घरातलं प्रत्येक माणूस आपल्यामुळे झालं असं धरून बसलं होतं.

स्टेथो

उंबरठा, लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. जास्तीचं मॅग्नेशियम बाहेर टाकायची वाट एकच, मूत्रपिंड. ते चांगलं असेल तर जास्त झालेलं निघून जातं, फार तर जुलाब होतात. ते थकलेलं असेल तर साठतं, आणि साठलं की स्नायूंचे प्रतिक्षेप (रिफ्लेक्स) जातात, बीपी पडतं, नाडी मंदावते, हृदयाची वायरिंग अडते. ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर मॅग्नेशियमच्या गोळ्या, ती जुलाबाची औषधं, मॅग्नेशियमवाले अँटासिड हे स्वतःहून अजिबात नाही. आणि नुसतं क्रिएटिनिन बघून फसू नका, वाळलेल्या म्हाताऱ्या शरीरात स्नायू कमी असल्यामुळे १.३ दिसतं आणि किडनी प्रत्यक्षात अर्धीच चालत असते.

झुंजूमुंजू

पण मग मॅग्नेशियमने हार्ट अटॅक टळतो, बीपी उतरतं असे रोज दोन फॉरवर्ड येतात ते सगळं खोटं का? थोडंफार तरी तथ्य असेलच ना.

स्टेथो

तथ्य आहे, म्हणून तर फसगत होते. सविस्तर लिहितो.

बीपीचं आधी. २०१६ मध्ये ३४ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं, मिळून २०२८ माणसं, रोज सरासरी ३६८ मिग्रॅ, तीन महिने. वरचं बीपी उतरलं २ ने, खालचं पावणेदोनने. उतरतं हे खरं, पण १६० वाल्याची गोळी सुटेल एवढं नाही.

अटॅकचं जास्त बोलकं आहे. १९९२ मध्ये इंग्लंडात लेस्टरला अटॅक आलेल्या २३०० हून जास्त लोकांवर चाचणी झाली, शिरेतून मॅग्नेशियम दिलं तर महिन्याभरातले मृत्यू जवळजवळ पाव कमी झाले. सगळीकडे आनंद झाला, स्वस्त, सोपं, कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी देता येईल असं औषध. मग १९९५ मध्ये आयसिस-४ या मोठ्या चाचणीचे निकाल आले, ५८ हजार लोक, काहीही फायदा नाही. काही जण म्हणाले उशिरा दिलं म्हणून, तर २००२ ला मॅजिक चाचणी केली, ६२०० वर जास्त धोक्याचे लोक, लवकर दिलं, तरी नाही. त्यामुळे आता अटॅकमध्ये सरसकट देत नाहीत, कमी असेल तर किंवा ती टोरसाड्सची लय आली तर देतात.

आणि तिसरं, फ्रेमिंगहॅमचा अभ्यास, २०१३ चा. रक्तात मॅग्नेशियम सगळ्यात कमी असलेल्यांना पुढे एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची अनियमित लय) व्हायचं प्रमाण दीडपट. पण हे निरीक्षण आहे, गोळी देऊन ते टळतं हे त्यातून सिद्ध होत नाही. ज्याला कमी आहे त्याला भरून दिलंच पाहिजे. ज्याला कमी नाही त्याला वरून ओतून हृदय जास्त मजबूत होतं याला पुरावा नाही. माझं मत एवढंच आहे आणि ते ठाम आहे.

देशावरची

आणि ते पायात गोळे येतात त्याचं? सासूबाईंना रात्री फार येतात, शेजारच्या काकूंनी मॅग्नेशियम सांगितलं.

पट्टीवाला

ताई, दुकानात याच कारणासाठी सगळ्यात जास्त खपतं. पण वयस्कर लोकांच्या पायांत येणाऱ्या गोळ्यांवर कॉक्रेनने (चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) २०२० मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र करून बघितलं, विशेष उपयोग होण्याची शक्यता दिसत नाही असाच निष्कर्ष होता. सासूबाईंना पाण्याची गोळी आहे म्हणालात, तर आधी पोटॅशियम-मॅग्नेशियम तपासा.

माडांच्या बनात

आम्ही सिंधुदुर्गातले, सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. आमचे आजोबा ९० पर्यंत खणखणीत होते. मॅग्नेशियम जेवणातून किती लागतं आणि भातात ते असतं का, हे कुणीतरी सांगा.

देशावरची

हे मी सांगते, मी आहारतज्ज्ञ आहे, वर घाबरून लिहीत होते पण हा माझा प्रांत आहे.

आयसीएमआर-एनआयएनच्या (आपली सरकारी पोषण संस्था) २०२० च्या शिफारशीत पुरुषांना रोज ४४० मिग्रॅ, बायकांना ३७०. त्यांच्याच २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत १३० च्या आसपास, बाजरी आणि गव्हाच्या आट्यात १२५ च्या जवळ, नाचणीत १४५ च्या पुढेमागे. आणि पॉलिश केलेल्या तांदळात २० सुद्धा नाही. कोंड्यासोबत सगळं जातं. माडांच्या बनात, तुमच्या आजोबांचा तांदूळ बहुतेक घरचा, हातसडीचा असणार, जोडीला कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, पालेभाजी. नुसत्या पांढऱ्या भातावर ते खणखणीत राहिले नसते.

पण म्हाताऱ्या माणसांचा खरा घोळ वेगळाच आहे. कवळी नीट बसत नाही, मग भाकरी सुटते. पालेभाजीचे धागे अडकतात म्हणून ती सुटते. दाणे तर पहिले सुटतात. उरतं काय, सकाळी चहात बुडवून टोस्ट, दुपारी वरणभात, चारला चहा-बिस्कीट, रात्री दहीभात नाहीतर मऊ खिचडी. पोट भरतं, वजनही उतरत नाही, आणि मॅग्नेशियम दिवसाला निम्म्यावर येतं. मी घरी जाऊन बघितलेल्या दहा आज्यांपैकी आठ जणींचं ताट असंच असतं. मुलं म्हणतात आई व्यवस्थित जेवते.

यावर मी काय करते ते लिहिते. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून ताकात. भाकरी करायचीच पण कुस्करून दुधात किंवा आमटीत, अर्धा तास भिजली की कवळी नसली तरी खाता येते. दोन मध्यम भाकऱ्यांत, १२० ग्रॅम पीठ धरलं तर, १५० मिग्रॅ सहज येतं, आणि तेवढ्यासाठी भात खायचा म्हटलं तर पाऊण किलो तांदूळ शिजवावा लागेल. नाचणीला मोड आणून सत्त्व करतो तसं करू नका, सत्त्व गाळून घेतलं की सालाबरोबर बरंच जातं, मोडाची नाचणी सुकवून दळून अख्ख्या पिठाची आंबील करा, मोडामुळे शोषणही सुधारतं. राजगिऱ्याची, माठाची पातळ भाजी डाळीचं पीठ लावून, आणि पालेभाजी उकडून पाणी फेकू नका, मॅग्नेशियम त्या पाण्यात उतरतं. तीळ, जवस, कारळं यांची चटणी बारीक कुटून, मीठ बेताचं कारण बीपी. दाण्याचं कूट भाजीत सढळ. हे सगळं किडनी ठीक असलेल्यांसाठी. किडनीचा पेशंट असेल तर पोटॅशियम बघूनच ताट ठरतं, तिथे माझ्या या यादीवर जाऊ नका.

झुंजूमुंजू

अवांतर होईल पण विचारते, आमच्याकडे बोअरचं पाणी जड होतं, आता आरओ बसवलाय. त्याने मॅग्नेशियम जातं असं म्हणतात.

स्टेथो

अवांतर नाही. जातं, आरओ कॅल्शियम-मॅग्नेशियम दोन्ही बरंच काढतो. पाण्याचा आणि मेंदूच्या झटक्याने होणाऱ्या मृत्यूंचा संबंध १९५७ मध्ये जपानच्या कोबायाशींनी नद्यांच्या पाण्यावरून मांडला, पुढे बऱ्याच देशांत जड पाण्याच्या भागात हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले, सगळीकडे दिसले नाहीत. पण आपलं मुख्य मॅग्नेशियम ताटातून येतं. बोअरमध्ये फ्लोराइड, नायट्रेट असेल तर आरओ काढण्यात शहाणपणा नाही. पाणी तपासून घ्या.

रानजाई

तीन आठवडे गायब होते, माफ करा. सगळ्यांचे प्रतिसाद प्रिंट काढून आईला वाचून दाखवले, देशावरचीचा टोस्टचा परिच्छेद ऐकून ती म्हणाली "ही बाई आपल्या स्वैपाकघरात येऊन गेली का".

आईचं मॅग्नेशियम आता १.९, पोटॅशियम ४.२, ईसीजीत क्यूटी जागेवर. धडधड गेली. दर तीन महिन्यांनी तपासायचं सांगितलंय. सकाळी कण्या, रात्री भाकरी आमटीत.

बाबांचं स्टेथोंनी विचारलं म्हणून दुसऱ्याच दिवशी करून घेतलं. क्रिएटिनिन २.३. ईजीएफआर २८. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, मागची तपासणी अडीच वर्षांपूर्वीची होती. मॅग्नेशियम नॉर्मलच्या वरच्या टोकाला, २.४. म्हणजे ती कॅप्सूल रोज सुरू झाली असती तर काय झालं असतं याचा विचार मी उंबरठाच्या काकांचं वाचल्यापासून करतेय. किडनीच्या डॉक्टरांकडे नाव घातलंय. बाटली दादाने स्वतःच सील न फोडता परत बॅगेत ठेवली, काही बोलला नाही, रात्री बाबांचे पाय चेपत बसला होता.

निवांत_७२

माझं मॅग्नेशियम १.८. क्लोपिडोग्रेल बंद केली, पँटोप्राझोल सध्या चालू, सहा महिन्यांनी परत बघू म्हणाले. झोप लागतेय.

स्टेथो

रानजाई, बाबांचं पोटॅशियम किती आलं? बीपीची गोळी टेल्मिसार्टन वगैरे गटातली असेल तर जपा, त्यांनी पोटॅशियम चढतं.

रानजाई

५.२. टेल्मिसार्टनच आहे. रोज सकाळी फिरून येताना शहाळं प्यायचे.

स्टेथो

५.२ म्हणजे वाढलेलं आहे, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. शहाळं आजपासून बंद. पोटॅशियम आठवड्याच्या आत परत तपासा. किडनीवाल्यांची तारीख लांबची असेल तर अलीकडे ओढून घ्या, आणि तोवर दुखण्याची कुठलीही गोळी दुकानातून आणू नका.

रानजाई

२१ ची होती, फोन करून १४ करून घेतली.